वांडाबाईंचा सरळ चेंडू

मी एक जुना बोलिंगचा चेंडू आहे. रंग लाल, वजन चौदा पौंड, अंगाला तीन भोकं. मित्रांनो, मी वळत नाही. आजकालचे चमकते, महागडे चेंडू टोकाला बाटलीसारख्या दहा पिना उभ्या असलेल्या लाकडी लेनवर अर्ध्या वाटेत असं काही वळण घेतात की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा. मी साध्या प्लास्टिकचा. सोडाल तिथून निघतो आणि सरळ जाऊन आदळतो. या स्वभावापायी आयुष्यात फार कौतुक वाट्याला आलं नाही, पण पत्ता कधी चुकला नाही.

मला विकत घेतलं ते वांडा झिल्के नावाच्या तरुणीने. भोकं तिच्याच बोटांच्या मापाने पाडली. तेव्हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या आमच्या गावात कॉलेज होतं, कॉलेजात मुली होत्या, पण मुलींचा बोलिंगचा संघ नव्हता. म्हणून वांडा दर मंगळवारी चीजच्या कारखान्यातल्या बायकांबरोबर खेळायची. त्या बायका बिअरचा घोट घेत, गप्पा मारत भल्याभल्यांना हरवायच्या. माझी ती सोन्यासारखी वर्षं! पुढे वांडाचा गुडघा गेला आणि मी गॅरेजात गेलो. तिथे बरीच वर्षं मी दार अडवण्याचं काम केलं. वाऱ्याने ते दार एकदाही आपटलं नाही. त्याबद्दल कुणी टाळी वाजवल्याचं मात्र आठवत नाही.

एक दिवस वांडाबाईंना प्रशिक्षक व्हा म्हणायला कॉलेजचे डीन होल्टग्रेनसाहेब आले आणि मला ठेचकाळले.

"हे काय मधेच?"

"माझा सहायक प्रशिक्षक," वांडाबाई म्हणाल्या.

साहेब हसले नाहीत. "मुलींचा संघ काढतोय. एक हंगाम तुमच्या हातात. विभागीय स्पर्धेच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोचलात तर संघ राहील. नाही तर बंद."

"आणि मुली कुठायत?"

"त्या तुम्हीच शोधा," साहेब उदारपणे म्हणाले.

चार मुली आपापले चमकते चेंडू घेऊन आल्या. त्यांची म्होरकी शेल्बी. पाचवी मरिसोल, सॉफ्टबॉलच्या संघातून नुकतीच वगळलेली. तिचा हात जोरदार होता, पण चेंडू नव्हता.

"कोच, मी बोलिंग कधी खेळलेलीच नाही."

"झकास! म्हणजे तुला काही विसरायला लावायची भानगड नाही."

वांडाबाईंनी माझी जुनी भोकं बुजवली आणि मरिसोलच्या बोटांच्या मापाची नवी पाडून घेतली. मित्रांनो, त्या वेळी दुखलं. पण दाराखालून पुन्हा कुणाच्या हातात जायचं, तर एवढं दुखणं स्वस्तच म्हणायचं.

आता आमच्या गावची एक गंमत सांगतो. बोलिंगच्या लेनला तेल लावतात. आमच्याकडे शुक्रवारी तळलेले मासे खायला आणि जाता जाता चार चेंडू टाकायला येणाऱ्या मंडळींचं मन मोडू नये म्हणून ते तेल असं लावत, की चेंडू कसाही फेका, तेलच त्याचं बोट धरून त्याला मधोमध नेऊन सोडायचं. पिना धडाधड पडायच्या. मुलींना वाटलं, हे आपलं कसब!

पहिल्याच बाहेरगावच्या स्पर्धेत लेनभर सारखं तेल होतं, चुकलेल्या चेंडूचं बोट धरणारं कुणी नव्हतं. आम्ही शेवटून पहिले आलो. परतताना व्हॅनमध्ये पोरींनी आपले चमकते चेंडू सीटखाली ढकलले.

"कोच, तिथलं तेलच बोगस होतं," शेल्बी फुरंगटून म्हणाली.

"तेल चांगलं होतं, बाळ. आपल्या गावचं तेल लाडावून ठेवणारं आहे. मावशीसारखं."

दुसऱ्या दिवसापासून वांडाबाईंनी सरावाच्या लेनवर तसंच अवघड तेल लावून घेतलं. उजव्या कोपऱ्यात एकच पिन उभी केली आणि प्रत्येकीच्या हातात एकेक साधा चेंडू दिला. आठवडेच्या आठवडे तीच कोपऱ्यातली पिन.

"हे आजोबांचे चेंडू आहेत, कोच!"

"मग आजोबांचं ऐक जरा."

आणखी एक नियम. चेंडू चांगला पडो की वाईट, परत येणाऱ्या मुलीच्या तळव्यावर बाकी चौघींनी टाळी द्यायचीच. आधी या पोरी पिना पडल्या की नाचायच्या आणि चेंडू वाया गेला की मोबाइलमध्ये डोकं घालायच्या. वांडाबाई ओरडायच्या, "दहा पडल्या की गुणांच्या पडद्यावरचं ते कार्टूनचं अस्वलसुद्धा टाळ्या वाजवतं! नऊ चुकल्यावर वाजवतील त्या आपल्या."

विभागीय स्पर्धा आली. एक सामना जिंकला की शेवटचा दिवस, हरलो की संघ बंद. डाव पाच जणींनी वाटून खेळायचा असतो. प्रत्येकीच्या दोन पाळ्या, आणि शेवटची पाळी सर्वांत भरवशाच्या मुलीची. ती जागा शेल्बीची होती. पण त्या दिवशी तिचा चेंडू कुठे वळेल, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. निकालाचा डाव सुरू होण्याआधी ती वांडाबाईंकडे आली. गाल लाल झाले होते.

"कोच, शेवटी मरिसोलला घ्या."

"ती जागा तुझी आहे."

"माहितीये. पण माझा चेंडू आज माझ्या धाकट्या भावासारखा वागतोय. तिचा सरळ जातोय." मग मरिसोलकडे वळून म्हणाली, "ए, चुकलीस ना, तर व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसायचं. हीटर नसलेल्या!"

शेवटची पाळी. मरिसोलने मला सोडलं, नऊ पिना पडल्या. उरली उजव्या कोपऱ्यातली, आणि पाळीतला दुसरा चेंडू. ती पडली तर सामना आमचा.

तिची बोटं घामेजली होती. तिने मला टॉवेलने नीट पुसलं, पुन्हा पुसलं, आणि सोडलं. मी निघालो. छत, जमीन, छत, जमीन. ना वळलो, ना बिचकलो. एवढंच मला येतं, तेवढं केलं.

चेंडूच्या जन्माचं एक दुःख असतं. पिन पाडली की आम्ही मागच्या अंधाऱ्या खड्ड्यात पडतो. जमिनीखालून परत वर येईपर्यंत आनंद करून झालेला असतो. त्या दिवशी मात्र मी वर आलो, तरी मला उचलायला कुणी मोकळं नव्हतं. पाचही जणी वांडाबाईंच्या गळ्यात पडल्या होत्या. "माझा गुडघा! अगं पोरींनो, गुडघा!" असं ओरडत बाई त्यांना आणखी घट्ट धरत होत्या.

संघ राहिला. डीनसाहेबांनी मोठ्या मनाने ठरवलं, की कॉलेजच्या दारात काचेचं कपाट करून मला त्यात मखमलीवर ठेवावं.

मित्रांनो, वस्तूंना अडगळीत टाकू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी त्यात एवढीच भर घालतो, की त्यांना मखमलीवरही टाकू नका. खेळून झालं की अंगावरचं तेल पुसा, थंडीत गाडीच्या डिकीत विसरू नका, तडे जातात. आणि पुन्हा कामाला लावा. आम्हाला आणखी काही नको.

वांडाबाईंनी मला पिशवीत घातलं आणि साहेबांना म्हणाल्या, "कपाटात फोटो ठेवा की. याला उद्या सकाळी सराव आहे."