चढनाऱ्या गाडीला वाट

गोरक्ष दारू पिऊन दरीत गेला असं माझ्या तोंडावर म्हननाऱ्या दोघांची थोबाडं मी फोडलीत. थोरला भाऊ हुता माझा! दवाखान्यात मरताना मला एवढंच बोलला, "समोरनं गाडी चढत हुती, वाट दिली." घाटात चढनाऱ्याला वाट द्यायची, उतरनाऱ्यानं कडेला थांबायचं, हा आमा ड्रायव्हर लोकांचा धर्मच. पन त्या सांजेला खालनं एकबी गाडी चढली न्हाई, असं नाक्यावरचे म्हनाले. मग काय, लोकांना आयतंच कोलीत मिळालं. त्याच्या बायकोला, मनकर्णावहिनीलासुदीक तो दवाखान्यात असतानाच पटलं. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सोडलेली दारू नवऱ्यानं परत धरली, हे तिच्या काळजात रुतलं.

मला वाटायचं, समोरच्या उजेडानं त्याचे डोळे दिपले. आपुन डिपर दिला, म्हंजी दिवे खाली केले, की समोरचाबी देतो. म्हनून दुष्काळाच्या आदल्या वर्सी नगरच्या छगन रेडिओवाल्याकडनं जीपला यंत्र बसवून घेतलं. उजेड वळखनारी टिकली, दोन ट्रान्झिस्टर, एक रिले. समोर उजेड दिसला की रिले टक् करनार, दिवे आपोआप डिपरवर. उजेड गेला की परत अप्पर. आधी ते बेनं खांबावरच्या दिव्यांनाबी मुजरा घालायचं. मग छगननं टिकलीवर काळी नळी चढवली, नाकासमोरचंच दिसावं म्हनून.

वहिनीला माहेरावनं अकोल्याला आनत हुतो. घाट उतरताना, गोरक्ष जिथनं दरीत गेला त्याच वळनावर दिवस मावळला. रस्ता मोकळा. टक्! दिवे डिपरवर.

"कोन येतंय, भावजी?"

"कोनी न्हाई," म्हनालो, पन सवयीनं स्टिअरिंग कडेला वळवलं. वहिनी किंचाळली तवा ब्रेक दाबला. चाक दरीच्या काठाला लागलं हुतं.

छगनला शिव्या घालत उतरलो. नळीच्या तोंडावर तळवा धरला, दिवे अप्पर. तळवा काढला, टक्, डिपर. परत धरला, तर हाताची पाठ तापाया लागली, हेडलाइटपुढं धरल्यावानी. समोर तर निव्वळ काळोख!

हात आपसूक खाली आला. डिपर. जरा वेळानं टक् झालं अन् दिवे आपले आपन अप्पर झाले. जे काय हुतं ते आमच्या शेजारनं चढून गेलं. वारा न्हाई, आवाज न्हाई.

वहिनी दरीच्या काठाशी गेली.

"पिला नव्हता तुमी," ती खाली बघून म्हनाली. "दवाखान्यात तुमी पानी मागितलं, अन् मी दिलं न्हाई वो."