मुकुटाखालचं बोलणं

मित्रांनो, मी एक जुना मुकुट आहे. सोन्याचा नव्हे हो, तांब्याच्या तारेचा! कित्वे शहरात विजेच्या जळक्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कासोंदेने टाकाऊ तार वळून मला घडवलं.

दर रविवारी त्याच्या मैत्रिणीच्या, बुपेच्या अंगणात चौघे जमत आणि एका खोट्याच राज्याची गोष्ट मिळून रचत. कुणी राणी, कुणी राजपुत्र, कुणी कपटी प्रधान. मी ज्याच्या डोक्यावर, त्याने गोष्ट पुढे न्यायची. आणि मुकुटाखाली बोललेलं काहीही खरं धरायचं नाही, हा बुपेचा नियम. काय एकेक कारस्थानं शिजायची! गोड वितुंबुवा, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, खाऊन तेलकट झालेल्या हातांनी मला ओढायचे, "आण इकडे, आता गादी माझी!" तेव्हा मी केवढा मिरवायचो.

मग तो रविवार आला. बुपे राणी होती, कासोंदे धाकटा राजपुत्र. गादी हातची जाणार असं दिसताच राणी मला ओढून डोक्यावर घेत ताडकन उठली. "दरबारी हो, याला राजदंड देता? हा रोज आजारी आईची घाण काढतो. हात हुंगून बघा त्याचे!"

बाकीचे दोघे खो खो हसले. त्यांना ती गोष्टच वाटली. पण ते खरं होतं, आणि कासोंदेने ते एकट्या बुपेला विश्वासाने सांगितलं होतं. तो कसनुसं हसला आणि उठून गेला. त्याच हातांनी मला घडवलं होतं, मित्रांनो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी तो फिरकला नाही. बुपे मला घेऊन त्याच्या घरी गेली. तो दारात चादरी धूत होता. तिने आधी मला डोक्यावर चढवलं. "राजपुत्रा, राणी तुझी माफी मागते."

"मुकुटाखालचं खरं धरायचं नाही," तो मान वर न करता म्हणाला. "जा बाई, तुझा दरबार खोळंबला असेल."

बुपेने मला काढून चिखलातच ठेवलं. "कासोंदे, मला जिंकायचं होतं रे. म्हणून बोलले. माझीच मला लाज वाटते."

मग ओल्या चादरीचं एक टोक त्याने तिच्या हातात दिलं. "धर. नीट पीळ, आईला ओल सोसत नाही."

आता मी कासोंदेच्या दारातल्या खिळ्याला टांगलेला असतो. हिरवा पडलोय, पण मला घासलं नाही तरी चालेल. एवढंच ऐका, मित्रांनो: मला डोक्यावर घ्याल तेव्हा हवं तितकं खोटं बोला. मित्राने विश्वासाने सांगितलेलं खरं मात्र माझ्या आड लपून कधी बोलू नका.