आठ उणे

"या वेळी मी येणार नाही," मी माझ्या नवऱ्याला, हॉलिसला, सांगितलं आणि ताटल्या कागदात गुंडाळत राहिले. त्या त्याच्याच टेनेसीच्या घरासाठी होत्या, ही गोष्ट वेगळी.

कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या मोठ्या कोचला रविवारी सकाळी कामावरून काढलं. मोठा गेला की हाताखालचे सगळे जातात, अशी आमच्याकडची रीत. हॉलिस एकोणतीस वर्षं हाताखालचाच. बुधवारी टेनेसीच्या कॉलेजातून फोन आला आणि मला न विचारता हा 'हो' म्हणून मोकळा झाला. म्हणजे आता नववं घर. मी मेकनला बहिणीकडे जाऊन राहायचं ठरवलं.

कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळत होता तेव्हा हॉलिस सेंटर होता. वाकून पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि अंगावर येणाऱ्या धटिंगणांना अडवायचं. चार वर्षांत त्याचं नाव पेपरात एकदाच आलं. शेवटच्या सामन्यात त्याचा चेंडू मागे झेलायला उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेला आणि सामनाही गेला. पुढच्या रांगेत अडवणाऱ्या पाच जणांचं असंच असतं, चुकले तरच लोकांना नाव कळतं. म्हणून कोच झाल्यावर त्याने वही सुरू केली. दर रविवारी सामन्याची फिल्म बघत तो आपल्या पोरांना एकेका खेळीचं अधिक नाहीतर उणे देतो. अधिक द्यायला महा कंजूष. माझ्या हातचं जेवूनसुद्धा "बरं झालंय" याच्या पुढे कधी गेला नाही.

इथे बेनफील्डला, आठव्या घरी, आलो तेव्हा मात्र त्याने मागच्या अंगणात पीचचं रोप लावलं. "याचं फळ खाल्ल्याशिवाय आपण इथून हलायचं नाही," म्हणाला. मी विश्वास ठेवला, माझाच गाढवपणा. चौथ्या वर्षी झाड फुलांनी भरलं आणि मार्चच्या थंडीने सगळी फुलं करपवली.

शनिवारी ट्रक भरायला त्याच्या संघातली पुढच्या रांगेची पाच पोरं आली. दर गुरुवारी माझ्याकडे जेवणारी, एकेक दारात मावणार नाही असा. कपाटं खोक्यांसारखी उचलून झाली, तरी टिलरी, त्यांच्यातला सेंटर, मागच्या दारात घुटमळत होता.

"मिस वर्ना, झाड राहिलं की."

"झाड कुठे कोणी नेतं का रे?"

"कोच म्हणाले, डिसेंबरात ते झोपलेलं असतं, आत्ताच हलवता येतं."

"मग कोचला विचार, मी येत नाहीये, तर झाड कुणासाठी नेतोय?"

टिलरीने टोपी काढून हातात घेतली. "ते ठाऊक आहे त्यांना. झाड तुमच्या बहिणीच्या अंगणात लावायचंय. आम्ही मागून येतोय ना, खड्डा खणायला."

मी आतून ताडपत्री आणून दिली.

पोरांनी मुळं मातीच्या गोळ्यासकट ताडपत्रीवर घेतली आणि पाचही जण वाकले, सामन्यात वाकतात तसे. हॉलिसने आवाज दिला, "तयार... हं!" आणि झाड अलगद वर आलं. "ओडम, कंबर खाली! बटाट्याचं पोतं नाहीये ते!" तो ओरडला आणि लगेच तोंड फिरवून नाक पुसलं. मला दिसलं.

मला मेकनला सोडायच्या वाटेत हॉलिसने पेट्रोल भरायला ट्रक थांबवला. तो खाली उतरला आणि समोर त्याची वही पडलेली होती. मी कधी ती उघडत नाही. उघडली. शेवटच्या पानावर आमची आठ गावं एकाखाली एक. प्रत्येक गावापुढे 'वर्ना', आणि अधिक. त्याच्याखाली 'हॉलिस', आणि उणे. आठच्या आठ. कुठल्याशा गावाची शाई पार फिकी झाली होती, म्हणजे हे एका बैठकीत लिहिलेलं नव्हतं. तोंडाने एकदा बोलला असता तर काय बिघडलं असतं याचं, असं वाटून मला राग आला, आणि रडूही आलं.

मेकनला बहिणीच्या दारात तो खाली उतरून झाडाचा दोर सोडायला लागला.

"बांध तो परत," मी म्हणाले.

"वर्ना, तू म्हणालीस—"

"काय म्हणाले ते माहीत आहे मला. बांध. आणि पुढच्या वेळी फोनवर 'हो' म्हणायच्या आधी मला विचारायचं."

"विचारीन," तो म्हणाला. गाठ बांधायला त्याला फार वेळ लागला. मागच्या गाडीतून टिलरीने विचारलं, "कोच, मग खड्डा कुठे खणायचा?"

"टेनेसीला," मीच ओरडले. "जेवून निघू या. माझी बहीण भाजतेय कोंबड्या."

टेनेसीतल्या दुसऱ्या जूनमध्ये झाडाला दोन पीच धरली. एक पाखरांनी खाल्लं. दुसरं आम्ही स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच अर्धं अर्धं खाल्लं. करकरीत, चांगलंच आंबट. हॉलिस कोय चोखत म्हणाला, "बरं झालंय."

मी वही काढली. बेनफील्डसमोर त्याच्या उण्यावर पेन्सिलीने एक उभी रेघ मारली. बाकीचे सात उणे तसेच ठेवले, ते त्याचेच आहेत.