जादा पाटा

मी एक जुना कमानपाटा आहे. मित्रांनो, हसू नका. चटणी वाटायचा पाटा वेगळा. तो दगडाचा असतो आणि जन्मभर एका जागी बसून राहतो. मला ते कधीच जमलं नाही, अजूनही जमत नाही. मी पोलादाचा, जरासा वाकलेला. मोटारीच्या चाकाजवळ असे पाच-सहा पाटे एकावर एक रचून आवळतात आणि गाडीचा भार त्यांच्यावर टाकतात. खड्डा आला की दबायचं आणि लगेच उसळून पूर्ववत व्हायचं, एवढंच आमचं काम. पण ते नीट करायला अंगात जोर लागतो बरं का!

माझा जन्म लढाईच्या धामधुमीतला. एका लष्करी ट्रकखाली बसून मी आसामचा चिखल तुडवला. लढाई संपली, ट्रक कलकत्त्याला भंगारात आला, आणि मल्लिकबाजारच्या निमाई मिस्त्रींनी मला उचललं. त्यांनी मला कापलं, तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवून तेलात बुडवलं. माझ्याच जोडीचा आणखी एक पाटा केला. तो उजव्या बाजूचा, मी डाव्या. तो अबोल आहे, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं.

आम्हाला घडवलं ते कालिंदीबाईंच्या गाडीसाठी. त्यांचे यजमान शरच्चंद्रराव खिदिरपूरच्या बंदरात जकात खात्यात अधिकारी होते. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी हौसेनं एक स्पोर्ट्स कार घेतली. हिरवी, उघडी, दोनच माणसांची, आणि इतकी ठेंगणी की पाय लांब करूनच बसावं लागे. पण शरच्चंद्ररावांची कंबर नाजूक. चार दिवस चालवली आणि पाचव्या दिवशी त्यांनी किल्ली बायकोच्या हातात दिली. मग काय! कालिंदीबाईंनी चाक धरलं ते धरलंच. रोज सकाळी ट्रामच्या रुळांवरून यजमानांना बंदरावर सोडायच्या, आणि भवानीपूरच्या मराठी बायका खिडकीतून बघत राहायच्या.

शहराबाहेर लढाईच्या वेळची एक ओस धावपट्टी होती. दर हिवाळ्यात तिथे मोटारींच्या शर्यती व्हायच्या, त्यात एक बायकांची. कालिंदीबाई पहिल्यांदा उतरल्या तेव्हा वळणावर गाडी एका अंगावर झुकली, मागची बाजू घसरली आणि स्वारी थेट गवतात. शेवटचा नंबर. एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईंनी भाजी आणायलाच गाडी काढावी." ते त्यांना फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी त्या निमाई मिस्त्रींकडे गेल्या. मिस्त्री त्यांना बौदी म्हणत, म्हणजे आपली वहिनी. ते खाली वाकून म्हणाले, "बौदी, मागचे पाटे मऊ आहेत. बसायला सुख, वळवायला दुःख. दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घालतो. गाडी सांगाल तशी वळेल. पण दादांच्या कंबरेचं काही खरं नाही."

मित्रांनो, तो जादा पाटा म्हणजे मी.

आणि तिथून सुरू झाली माझी वणवण. शनिवारी मला घालायचं, रविवारी सराव झाला की काढायचं. सोमवार ते शुक्रवार मी मिस्त्रींच्या बाकावर, जीव नुसता तळमळायचा. पण रविवारची पहाट! मैदानाजवळच्या गुळगुळीत रस्त्यावर आम्ही अशी वळणं घ्यायचो की विचारू नका. गाडी झुकायचं नाव नाही. कालिंदीबाई मोठ्यानं हसायच्या. मला वाटायचं, ही सगळी माझी करामत. खरं सांगतो, मी चढून गेलो होतो.

त्रेपन्न सालच्या डिसेंबरात शरच्चंद्ररावांच्या बदलीचा हुकूम आला. मार्चात विशाखापट्टणमला जायचं, गाडी इथेच विकायची. म्हणजे जानेवारीतली शर्यत ही कालिंदीबाईंची शेवटची. शर्यतीच्या आठवड्यात, हात नीट बसावा म्हणून, त्यांनी मला काढलंच नाही.

"अहो, आठवडाभर सोसाल ना?"

"तू चालव गं. मी कंबरेला पट्टा आवळतो," शरच्चंद्रराव म्हणाले.

रोज ट्रामचे रूळ आले की मी धक्का जसाच्या तसा वर पोचवायचो. वर एक माणूस ओठ दाबून बसलाय, हे मला कळत होतं. पण मला घाई होती रविवारची. शनिवारी दुपारी कालिंदीबाई त्यांना बंदरावरून घेऊन निघाल्या, खिदिरपूरच्या पुलाजवळ एक खोल खड्डा लागला, आणि शरच्चंद्रराव ओरडले. गाडी थांबली. त्यांना हलताच येईना. कपाळावर घाम, बोटं दारावर गच्च.

ते मी केलं होतं, मित्रांनो. दुसऱ्या कुणी नाही.

कालिंदीबाईंनी गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं मल्लिकबाजारात आणली. गाडीत बसूनच दोघांचं बोलणं चाललं होतं.

"उद्या तुम्ही घरी पडून राहा. मी आले की सगळं सांगेन."

"गेल्या वेळीही सांगितलंस. मी बंदरात पेट्या तपासत बसलो होतो. आता शेवटची वेळ आहे कालिंदी. मला बघायचंय."

"मग टॅक्सीनं या."

"टॅक्सीत पाय दुमडून बसवणार आहे का मला? हिच्यात निदान लांब तरी होतात. आणि तो पाटा राहू दे. दात आवळून बसेन मी."

"आणि पोचेपर्यंत तुमचं काय होईल?"

कालिंदीबाई उतरल्या. मिस्त्रींना म्हणाल्या, "निमाईबाबू, जादा पाटे काढा."

"बौदी, उद्या शर्यत आहे! तिकडे परत घालायला वेळ नाही मिळणार."

"माहीत आहे मला. काढा म्हणते ना!"

बोल्ट सुटला आणि मी बाहेर. काय सांगू तुम्हाला, अंगाची नुसती लाही लाही झाली! रविवारी शरच्चंद्ररावांना धावपट्टीशी आडवं पडून बघता यावं म्हणून मिस्त्री एक दोरीची खाट भाड्याच्या लॉरीत टाकून शर्यतीला गेले, आणि मी कुलूपबंद दुकानात. एकेक तास खायला उठला होता. आता वळण आलं असेल. आता गाडी झुकली असेल. आता ते गृहस्थ हसले असतील. माझ्यावाचून हरणार, हरणारच, असं मी भावाला शंभरदा म्हणालो. तो आपला गप्प.

दुपार कलल्यावर भोंगा वाजला. दार उघडलं आणि मिस्त्री आधी आत आले, तेही नाचत.

"दुसरी! बौदी दुसरी आली!"

मग कळलं ते असं. धावपट्टी आता गुळगुळीत राहिली नव्हती. सिमेंटच्या लाद्यांचे सांधे उचकटले होते. ज्या ज्या बायकांनी गाड्या कडक करून आणल्या होत्या, त्यांच्या गाड्या वळणावर सांध्यासांध्याला उडत होत्या. चाक जमिनीलाच टेकत नाही तर ते वळणार कसं? दोन गाड्या गवतात गेल्या. कालिंदीबाईंची गाडी इतकी झुकली की लोकांनी डोळे मिटले, पण तिचं एकही चाक जमीन सोडेना.

कालिंदीबाई माझ्याजवळ आल्या. मला उचलून हातावर तोललं, माझ्यावरची धूळ पदरानं पुसली आणि हळूच म्हणाल्या, "बरं झालं बाबा, तू नव्हतास."

मला रडता येत असतं तर रडलो असतो. इतका राग आला, इतकी लाज वाटली. तेवढ्यात दाराशी मिस्त्रींच्या खांद्याचा आधार घेत शरच्चंद्रराव उतरताना दिसले. वाकडे झालेले, पण हसतायत. "निमाईबाबू, ती वळली तेव्हा मी खाटेवर ताडकन उठून बसलो हो! तोंडानं काय ओरडलो, माझं मलाच आठवत नाही." कालिंदीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी दुसऱ्या नंबरचा पेला बाकावर ठेवला होता, तो तिथेच विसरल्या. मी गाडीत असतो तर हा माणूस आज घरी भिंतीकडे तोंड करून पडला असता.

मार्चात ते दोघं गेले. गाडी विकली गेली, नव्या मालकानं माझी चौकशीही केली नाही. आता मी कोपऱ्यात गंजतोय, आणि मिस्त्री कधीमधी मला घेऊन एखादं अडकलेलं झाकण उचकटतात.

मित्रांनो, माझ्या अंगावरून तेलाचं एक बोट फिरवा, मी अजून वाया गेलेलो नाही. पण मला गाडीत घालण्याआधी तुमचा रस्ता एकदा पायी चालून बघा, आणि शेजारी बसणाऱ्याला विचारा. तो "चालेल, चालेल" म्हणाला तरी त्याच्या तोंडाकडे बघा. माझी गरज नसेल तर खुशाल बाकावर ठेवा. मी चडफडेन. चडफडू द्या.