वरच्या मजल्यावरची मिस कॉर्मिए

खाडीकाठच्या त्या घराचा नियम एकच होता. काम करणाऱ्याच्या दारावर थाप मारायची नाही. सोमवार ते शनिवार कुणी कुणाशी बोलायचं नाही, दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराबाहेर ठेवलं जाई, आणि न विचारता दुसऱ्याचं चित्र बघायला जाणं म्हणजे दुसऱ्याचं पत्र फोडण्याइतकं वाईट. चित्रकारांना महिनाभर राहून काम करू देणाऱ्या असल्या घरांत वर्ना क्रोवेल पूर्वी दोनदा राहिलेली. नियम तिच्या अंगवळणी पडला होता, आणि पुढचं सगळं त्या सभ्यपणामुळेच घडलं.

तीन वर्षांत तिच्या हातून एक चित्र झालं नव्हतं. नवरा, एमॉस, चित्रांच्या चौकटी करायचा. तीस वर्षं तो पलीकडच्या खोलीत रंधा मारत होता आणि ही अलीकडे रंगवत होती. तो गेला, रंधा थांबला, आणि हिचा हातही थांबला. ट्रुरोमधल्या बहिणीने दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची नोकरी बघून ठेवली होती. वर्नाने मनाशी ठरवलं होतं, इथल्या चार आठवड्यांत एक चित्र पुरं झालं नाही तर रंग विकून टाकायचे आणि मुकाट्याने ट्रुरोला जायचं.

पहिला आठवडा नुसता खिडकीत गेला. समोरच्या फंडीच्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा पार दिसेनासं होई आणि मैलभर तांबडा चिखल उघडा पडे. पाणी गेलं की कानात दडे बसावेत अशी शांतता. तिला ती शांतता अगदी सोसवत नसे.

आठव्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावर आवाज आला. रंगपाटीवर सुरी घासल्याचा, खर्र, खर्र. दाराजवळच्या फळीवर दोन नावं होती: खाली वर्ना, वर मिस कॉर्मिए. ‘आल्या वाटतं बाई,’ असं म्हणून वर्नाने जरा हेव्यानेच कुंचला उचलला. दुपारपर्यंत तिने आभाळ रंगवलं होतं.

मग रोजचंच झालं. ही थांबली की वरचं थांबे, हिने कुंचला टेकवला की वरचं सुरू. एकदा मुद्दाम परीक्षा पाहावी म्हणून ती हात बांधून बसली. बराच वेळ काही नाही. मग वरून तीनदा, हळूच, कुणी गाढ झोपलेल्याला उठवावं तसं खर्र, खर्र, खर्र. वर्नाच्या अंगावर काटा आला. पण तिने चिखलाचा तांबडा रंग कालवायला घेतला. भीती वाटली तरी हात चालत होता, आणि हात चालतोय याचा आनंद भीतीहून मोठा होता.

तिसऱ्या रविवारी घर सांभाळणारी ओडेट चादरी बदलायला आली. साठीची बाई, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

“तब्येत सुधारली हो तुझी,” ती म्हणाली. “दोन-दोन टोपल्या फस्त करतेस, सुधारणारच.”

“दोन कुठल्या? माझी एक. दुसरी मिस कॉर्मिएंची.”

“कोण मिस कॉर्मिए? ती आलीच नाही की. मांडीचं हाड मोडलं, आधीच कळवलं तिने. पण घराच्या समितीने यादीतून नाव काढलं नाही, आणि यादीत दोन नावं म्हणजे मी दोन टोपल्या करते. हुकमाची ताबेदार.” ओडेट हसत होती. “बाहेरच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवते, वर चढवत नाही मला. रोज रिकामी मिळते. म्हटलं, नवरा गेलेली बाई आहे, खाऊ दे बिचारीला. लाजेल म्हणून बोलले नाही.”

“मी त्या जिन्याकडे फिरकलेसुद्धा नाही, ओडेट.”

ओडेटचं हसू मावळलं. दोघी वर गेल्या. कुलूप गंजलं होतं, किल्ली कशीबशी फिरली. आत जमिनीवर धुळीचा थर, त्यावर एक पाऊल नाही. पलंगावर गादी नाही. मधोमध एक खुर्ची होती, खाली वर्ना जिथे उभी राहून रंगवी त्याच्या बरोबर वर. दोघींनी दार ओढून घेतलं.

सोमवारी वर आवाज नव्हता. मंगळवारीही नाही. चित्रात पाणी तेवढं राहिलं होतं, परत येणाऱ्या भरतीची पहिली रेघ, आणि हात पुन्हा दगड झाला. बुधवारी दुपारी ओडेट टोपली ठेवायला आली तेव्हा वर्ना आपल्या दाराच्या पायरीवर रडत बसली होती. नियम मोडून ओडेट तिच्याशेजारी टेकली.

“नुसता आवाजच हवा ना तुला? मी येते उद्या. शिंपले उघडायची सुरी आहे माझ्याकडे, बसते वर पत्रा खरवडत.”

“गुडघे?”

“गुडघ्यांना कोण विचारतंय? चित्र पुरं कर आधी.”

गुरुवारी सकाळी नऊलाच वर खर्र सुरू झालं. वर्नाला हसू फुटलं. म्हातारीने जीव ओतला होता, मधे घटकाभर विसावा नाही. वर्ना काही न खाता रंगवत राहिली. समोर पाणी चिखलावर चढत होतं आणि चित्रातही चढत होतं. तीनच्या सुमारास तिने कुंचला खाली ठेवला. चित्र झालं होतं. आजवरचं तिचं सगळ्यात चांगलं चित्र, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबली आणि ओडेट लंगडत, धापा टाकत आत आली.

“रागावू नकोस गं. सकाळपासून गाडी सुरूच होत नव्हती. आत्ता पुतण्याने ढकलून दिली तेव्हा कुठे... जेवणही नाही दिलं तुला आज.”

वर्नाने छताकडे बोट केलं. वर खर्र, खर्र चाललंच होतं. ओडेटनेही ते ऐकलं, आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

“चल. सामान राहू दे. गाडी सुरूच ठेवलीय, आत्ताच्या आत्ता चल.”

“सही राहिलीय,” वर्ना म्हणाली.

तिने बारीक कुंचला घेतला. निम्मं चित्र आपलं नाही हे तिला ठाऊक होतं, पण कोपऱ्यात लिहायला दुसरं नाव तिच्याजवळ नव्हतं. तिने वर्ना क्रोवेल असं लिहिलं. वरची सुरी थांबली.

इतक्या दिवसांत वर पावलं कधी वाजली नव्हती. आता वाजली. खोलीभर एक फेरी झाली, मग ती जिन्याच्या दाराशी आली आणि तिथेच थबकली. ओडेटने वर्नाचं मनगट घट्ट धरून तिला फरफटत उंबऱ्यापर्यंत आणलं. तिथे वर्नाने चौकट धरून ठेवली.

“थांब ना,” ती म्हणाली. “ती जातेय की राहतेय, एवढं तरी ऐकू दे.”