दुसरं क्लॅरिओनेट

कामाटीबागेतला कार्यक्रम आठ दिवसांवर आला आणि संपतराव मोहित्यांनी तालमीला येणं बंद केलं. आधी सर्दीचं कारण सांगितलं, मग गुडघ्याचं. तिसऱ्या दिवशी जयवंतराव शिर्क्यांनी खंडेराव मार्केटातून किलोभर पेरू घेतले आणि निजामपुऱ्यात थेट त्यांचं घर गाठलं.

संपतरावांच्या पत्नी पद्माताईंनी पेरू कापून आणले. संपतराव बशीला हात लावेनात.

"त्यांना आग्रह करू नका, भाऊजी," पद्माताई म्हणाल्या. "नवी कवळी बसवलीय. भाकरीसुद्धा दुधात भिजवून लागते."

संपतराव बायकोवर डोळे वटारून खिडकीकडे बघत बसले. जयवंतरावांच्या सगळं ध्यानात आलं. क्लॅरिओनेटची नळी वरच्या दातांवर टेकते. तिथेच कवळी हलायला लागली तर वारा बाजूने निसटतो, सूर फाटतो.

दोघांचे वडील संस्थानच्या बँडमध्ये होते. संस्थान गेलं, बँड गेला, वाजवणं मात्र घरात राहिलं. संपतराव रेल्वेत लागले, जयवंतराव वीज मंडळात, आणि संध्याकाळी दोघं एका हौशी ताफ्यात बापांनी शिकवलेलं वाजवू लागले. पंचेचाळीस वर्षं संपतराव पहिलं क्लॅरिओनेट आणि त्यांच्या डाव्या हाताला जयवंतराव दुसरं. पहिल्याने धून वाजवायची, दुसऱ्याने खालच्या सुरांत राहून तिला आधार द्यायचा.

"अदलाबदल करू," जयवंतराव म्हणाले. "माझं खालचं असतं, जोर कमी लागतो. ते तू वाजव."

"मी? दुसरं?" संपतरावांचा आवाज चढला. "मला ते येतसुद्धा नाही."

"पाच दिवस आहेत."

"राहू दे रे. खूप झालं वाजवून."

जयवंतरावांनी बशीतली पेरूची एक फोड उचलली. मग म्हणाले, "दाहोदला माझी रीड चिरली होती, आठवतं?"

संपतरावांच्या चेहऱ्यावर नकळत हसू आलं. भर कार्यक्रमात जयवंतरावांची रीड, म्हणजे तोंडाशी बसवलेली वेताची पातळ पट्टी, गेली, तेव्हा ती बदलून होईपर्यंत संपतरावांनी एकच सूर धरून ठेवला होता. लोकांना वाटलं मुद्दामच. टाळ्या थांबेनात.

"छाती फुटायची वेळ आली होती माझी," संपतराव म्हणाले.

"मग? ये रविवारी." एवढं बोलून जयवंतराव उठले.

रविवारी सकाळी बँडस्टँडसमोर दोनेकशे माणसं जमली होती. फिरायला आलेली, शेंगा खाणारी, काही जुनी ओळखीची तोंडं. चौदा वादकांचा हा ताफा आता धैर्यशील सांभाळत असे. तो शाळेत संगीत शिकवायचा. पहिली खुर्ची रिकामी बघून तो घड्याळ पाहू लागला, तेवढ्यात काळा कोट घातलेले संपतराव पायऱ्या चढून आले आणि कोणाशी न बोलता आपल्या जागेवर बसले.

वडिलांच्या वहीतली सलामीची धून त्यांनी एकट्याने सुरू केली. दोन ओळी छान गेल्या. तिसरीत सूर उंच चढला आणि कवळी सरकली. नळीतून नुसती फुस्स हवा आली.

पण धून थांबली नाही. जयवंतरावांनी ती त्याच सुरावरून उचलली होती. पंचेचाळीस वर्षं शेजारून ऐकलेली धून, तिचा कागद त्यांना कशाला लागतो? धैर्यशीलने एकदा चमकून पाहिलं आणि ताल देणारा हात चालूच ठेवला.

संपतरावांनी रुमालाआड कवळी बसवली. कान तापले होते. उठून जावं असं वाटलं. तेवढ्यात जयवंतरावांनी वाजवता वाजवता कोपराने आपला कागद त्यांच्यासमोर सरकवला.

संपतरावांनी नळी पुन्हा ओठांत धरली. खालचे सूर हलक्या फुंकरीवर बोलत होते. एक लांबलचक सूर, मग अर्धा उतरता, मग पुन्हा लांब. वरची धून जिथे दम घ्यायला थांबे, तिथे हे सूर पुढे येत आणि ती परतली की मागे सरत. एका ठिकाणी धून एकदम उंच उडी घेते. तिथे संपतराव दर वेळी न भिता चढायचे. आज त्यांना कळलं की खाली कोणीतरी घट्ट उभं असायचं. त्यांचे डोळे भरून आले, अक्षरं पुसट दिसू लागली. तरी त्यांनी सूर सोडला नाही.

"वाह काका, मजा आवी गई!" टाळ्यांमध्ये कोणीतरी गुजरातीत ओरडलं.

कार्यक्रमानंतर दोघं पायरीवर बसून वाद्यं पुसत होते.

"हे तू इतकी वर्षं वाजवत होतास?" संपतरावांनी विचारलं.

"मग काय, झोपा काढत होतो?"

"मला कधी ऐकूच आलं नाही रे."

"ऐकू आलं असतं तर चुकला असतास," जयवंतराव म्हणाले.

पुढच्या मंगळवारच्या तालमीला संपतराव सगळ्यांच्या आधी हजर होते, डावीकडच्या खुर्चीत. जयवंतराव आले आणि पहिल्या खुर्चीपाशी घुटमळले. रुमालाने बैठक झटकली, मग अंग चोरून टेकले.

"नीट बस," संपतराव म्हणाले आणि खालच्या सुरांचा कागद पुढे केला. "आणि या ओळीत श्वास कुठे घेतोस ते दाखव."

जयवंतरावांनी खिशातून पेन्सिल काढली.