स्फटिक उचलणारे काका

“काका, हा कॅमेऱ्याचा पडदा का बंद आहे?”

बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून आलेल्या मुलीने विचारलं तेव्हा काका सूक्ष्मदर्शकावर वाकले होते. उजेडाने डोळे दुखतात, असं त्यांनी मान वर न करता सांगितलं. ते खरं नव्हतं.

या केंद्रात दूरदूरच्या प्रयोगशाळांतली माणसं आपापली प्रथिनं घेऊन येत. प्रथिनाचा आकार कळायला हवा असेल, तर आधी त्याचा स्फटिक करायचा, साखरेच्या कणाहूनही लहान. तो द्रावणाच्या थेंबातून नायलॉनच्या धाग्याच्या इवल्याशा फाशात उचलायचा, लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवायचा आणि मग क्ष-किरणांसमोर धरायचा. उचलायचं काम काकांचं. स्वतः उचलायची जोखीम कुणी घेतच नसे.

पण हल्ली त्यांचा हात थरथरायचा. नुसत्या डोळ्यांना कळणार नाही इतकाच; भिंगाखाली मात्र फासा वादळात सापडल्यासारखा हेलकावे खाई. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर ते सगळ्यांनाच दिसलं असतं. डॉक्टरांना दाखवून या, म्हणणाऱ्या बायकोवर ते खेकसले होते. वडिलांचंही असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी त्यांना घास भरवावा लागायचा.

मुलीने वर्षभर खपून एकच धड स्फटिक मिळवला होता. यंत्रावरची पाळी आजची. हुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. तू हात लावू नकोस, काकांकडेच दे, असं तिच्या सरांनी बजावलं होतं.

काकांनी फासा थेंबात नेला. फासा थडकला. स्फटिक गिरकी घेत कडेला गेला. शाबूत होता, पण थेंब वाळू लागला होता. तो वाळला की स्फटिकही गेलाच. आणखी एकदा करून पाहावं? फुटलाच, तर स्फटिकच कच्चा होता म्हणायचं. कुणाला कळणार होतं? हा विचार किती सहज आला, याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

त्यांनी हात मागे घेतला आणि पडदा सुरू केला.

“हे बघ.”

पडदाभर फासा थडथडत होता. मुलीचा चेहरा उतरला.

“कधीपासून, काका?”

“ते राहू दे. थेंब वाळतोय. तू बस इथे.”

“मी? माझ्याकडून पेनाचं टोपणसुद्धा हरवतं.”

“टोपण भिंगाखाली ठेवत नाहीस ना, म्हणून. बस.”

त्यांनी खुर्ची तिच्या उंचीला आणली. कोपर टेबलावर टेकव, करंगळीचा टेकू दे, असं ते सावकाश सांगत गेले.

“त्याच्या मागे धावू नकोस. खालून जा. श्वास सोड… आता उचल.”

फासा नायट्रोजनमध्ये बुडला, पांढरी वाफ उसळली. पडद्यावर नुसता थेंब उरला. मुलगी हसायला गेली आणि तिला रडू आलं.

तेवढ्यात पुढच्या पाळीचा माणूस दारात आला. त्याने सवयीने आपला स्फटिकांचा डबा काकांपुढे धरला. काकांनी तो घेतला नाही.

“बसा त्या खुर्चीवर,” ते म्हणाले. “उचलायचं तुम्हीच. मी सांगतो.”

मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून ते शेजारी बसले, वर्गात गप्प बसवलेल्या मुलासारखे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.